एकही पत्ता न बदलता

माझं फ्रेमचं दुकान आहे. फोटो, आरसे, सर्टिफिकिटं, जे आणाल त्याला फ्रेम करून देतो. मागच्या खोलीत काच कापायचं मोठं टेबल आहे. काचेला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर जाड कापड ताणून बसवलंय. पत्ते खेळायला याच्यापेक्षा चांगलं टेबल शोधून सापडणार नाही, असं माझी बायको म्हणायची. रविवार दुपारचा डाव तिनेच सुरू केला. पोकर कुठून शिकली ते तिने कधी सांगितलं नाही. आता विचारायचीही सोय नाही. तिला जाऊन वर्ष व्हायचंय.

आमचा डाव म्हणजे पोरखेळच. सुरुवातीला प्रत्येकाने डब्यात चहाचे पैसे टाकायचे आणि त्याबदली फ्रेमच्या पाठीला लावायचे पितळी हुक घ्यायचे. हुक संपले की माणूस संपला. तो मग चहा करतो. प्रत्येकाला पाच पत्ते. एकदा चाल, म्हणजे हुक पुढे टाकायचे, मग नको असतील ते पत्ते टाकून तेवढेच नवे घ्यायचे, आणि पुन्हा चाल. ज्याला एकही पत्ता बदलावा लागत नाही त्याचा हात तयार आहे, असं समजून बाकीच्यांनी गुमान पॅक करायचं, म्हणजे पत्ते खाली ठेवायचे.

बायको तशी फार काही जिंकायची नाही, पण हरायची मात्र कधीच नाही. तिचा एक नियम होता. ती म्हणायची, "अहो, बडबड्याने चाल वाढवली तर बघून घ्या. पण गप्प माणसाने वाढवली, की आपली जोडी कितीही देखणी असू दे, खाली ठेवायची. जोडी म्हणजे दोनच पत्ते. उरलेले तीन लग्नातल्या पाहुण्यांसारखे नुसते उभे असतात."

ती गेल्यावर तिच्या जागी तिचा धाकटा भाऊ बसायला लागला. माझा मेव्हणा. टेम्पो चालवतो, दुसऱ्याच्या मालकीचा. त्याला सगळे तुफान म्हणतात. प्रत्येक डावात शेवटपर्यंत जायचं, हरलं तरी हसायचं आणि जिंकलं तर टेबल बडवायचं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बायकोने मला एकच गोष्ट सांगितली. घराचं नाही, दागिन्यांचं नाही. म्हणाली, "त्याच्याकडे बघा. त्याला पत्ते खाली ठेवता येत नाहीत." मी हो म्हणालो होतो.

बाकीचे दोघे म्हणजे शेजारचा टेलर आणि वायरमन. टेलर जिभेने कात्री चालवणारा. वायरमन उलटा. सगळी नोकरी विजेच्या खांबांवर चढण्यात गेली, आता निवृत्त. बायकापोरं नव्हती. पाण्याच्या टाकीपासून खाली उतरणाऱ्या गल्लीत, अगदी तळाला घर. तिथे गल्ली एकदम वळते आणि समोर बंद पडलेल्या गिरणीची दगडी भिंत येते. घरात तो आणि एक आखूड पायांची कुत्री. तिला तो बुटकी म्हणायचा. आमच्याशी आठवड्यात बोलला नसेल तेवढं तिच्याशी रोज बोलायचा, असं त्या गल्लीतले लोक सांगत.

बुटकीला घरासमोरच टेम्पोने उडवलं ते एका सकाळी. टेम्पो माझ्या मेव्हण्याचा होता. त्याच दिवशी दुकानात येऊन त्याने मला सांगितलं.

"जरा वेगात होतो, दाजी. गाडी थोडी उडाली. मला वाटलं दगड. मग आरशात बघितलं."

"थांबलास?"

"थांबून काय करणार होतो? वेळेवर माल पोचवायचा होता." तो हसला, पण त्याला काडी पेटवता येईना. मीच पेटवून दिली.

"वायरमनला सांग," मी म्हणालो.

"खुळे का काय? कुणी बघितलं नाही. आणि कुत्रंच होतं ना? दोन्ही गोष्टी माझ्या बाजूने आहेत."

"दोनच," मी म्हणालो. तो समजला नाही.

त्या रविवारी वायरमन डावाला आला. नखांत माती होती. खेळला नेहमीसारखाच. पत्ते बरे आले तर राहायचा, नाहीतर ठेवायचा. चाल वाढवताना त्याला आम्ही कधीच बघितलं नव्हतं. उठताना तो टेबलाकडे बघत म्हणाला, "ज्याची गाडी होती त्याने मला येऊन सांगावं. पुढच्या रविवारपर्यंत. मी त्याला काही करणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?" टेलरने विचारलं.

वायरमनने हुक मोजून डब्यात टाकले, झाकण लावलं आणि गेला.

मधल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एका सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजेना. मेव्हण्याने बॉनेट उघडून मला दाखवलं. हॉर्नची वायर तुटली होती.

"उंदरांनी खाल्ली. त्या मैदानात गाडी लावतो ना, घुशी आहेत नुसत्या."

मी चष्मा पुसून बघितलं. वायर सरळ कापलेली होती, आणि दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. एका मापाचे वेढे, कुठे सुरकुती नाही.

"उंदीर टेप लावत नाहीत," मी म्हणालो.

त्याने मग बॉनेट आपटलं. "लावू दे त्याला टेप. असं घाबरवून तुफान घाबरतो होय? त्याच्याकडे काही असतं तर तो पोलिसात गेला असता, दाजी. हवा आहे सगळी."

"आज हॉर्न आहे. उद्या ब्रेक असेल."

"त्याच्यात तेवढा दम नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे वायरमन बुटकीचा फोटो घेऊन दुकानात आला. पायरीवर बसलेली, जीभ बाहेर. काळी पट्टी हवी म्हणाला. मी माप घेत होतो तेव्हा तो भिंतीवरचे नमुने बघत उभा होता.

"वहिनींचा फोटो नाही लावलात अजून," तो म्हणाला.

"नाही."

"तुमच्याच दुकानात?"

"लावला की संपलं असं वाटतं," मी म्हणालो. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

त्याने मान हलवली. "म्हणूनच मी लावतोय. संपवायचंय."

मी संध्याकाळी मेव्हण्याकडे गेलो, हे सांगितलं, बहिणीची शपथ घातली. तो म्हणाला, "ताईला मध्ये आणू नका." मग म्हणाला, "मी गेलो आणि कबूल केलं, तर उद्या मालकाच्या कानावर जाईल. टेम्पो जाईल. आणि काय म्हणून जाऊ? एका म्हाताऱ्याने टेप लावली म्हणून?" त्याचं सगळं बरोबर होतं. आपला हात चांगला आहे असं वाटत असलेल्या माणसाचं सगळंच बरोबर असतं.

रविवार आला. वायरमन सर्वांत आधी आला. खांद्याला त्याची जुनी हत्यारांची पिशवी होती. एरवी तो हात हलवत यायचा. त्याने ती खुर्चीखाली ठेवली आणि पायाने आत सरकवली.

"काय वायरमन, कुणाची लाइट गेली?" टेलर म्हणाला.

"जाईल," वायरमन म्हणाला.

टेलर हसला. मग आपणच का हसलो असं वाटून त्याने पत्ते पिसायला घेतले.

मेव्हणा आला तो दार ढकलूनच. "चला चला, वाटा. आज काकांचे हुक घेऊनच जाणार. काका, तुम्ही किती वर्षं त्याच हुकांवर खेळताय? तेच ते जपून ठेवलेत का पेटीत?"

वायरमनने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. मी फ्रेमसाठी लाकूड बघतो तसं, कुठून कापायचं ते ठरवत.

पहिले काही डाव किरकोळ गेले. टेलर एकदा जिंकला आणि त्याने मेव्हण्याची फिरकी घेतली, "तुफान आलं आणि पान हललं नाही." मेव्हण्याने टेबल बडवलं. वायरमन प्रत्येक वेळी पत्ते ठेवून देत होता. हुक त्याच्यापुढे रांगेत होते.

मग टेलरने पत्ते वाटले आणि माझ्याकडे दोन एक्के आले. सोबत दश्शी, सत्ती, तिर्री. मी हुक टाकला. सगळ्यांनी टाकले. मी तीन पत्ते बदलले. काही आलं नाही. एक्के आणि तीन पाहुणे. टेलरने दोन बदलले, मेव्हण्याने तीन.

"वायरमन, किती?" टेलरने विचारलं.

"नको."

"एकही नको?"

"एकही नको," वायरमन म्हणाला. आणि पुढची सगळी रांग त्याने दोन्ही हातांनी टेबलाच्या मध्ये सरकवली. हुक कापडावरून आवाज न करता आले.

टेलरने तोंडाने शीळ घातल्यासारखं केलं आणि पत्ते टाकले. मेव्हण्याने हातातल्या पत्त्यांकडे बघितलं, वायरमनकडे बघितलं, आणि मी त्याला पहिल्यांदाच गोंधळलेलं बघितलं. "च्यायला," तो म्हणाला, "काका, आज काय खाऊन आलात?" आणि त्याने पत्ते टाकले. चेहऱ्यावरून कळत होतं, त्याच्याकडेही जोडी होती. माझ्या बायकोचा भाऊ पत्ते खाली ठेवतोय हे बघायला ती हवी होती, असं मला वाटून गेलं.

राहिलो मी. बायकोचा नियम सरळ होता. गप्प माणूस, न बदललेले पत्ते, सगळे हुक. दोन एक्क्यांना तिथे कुणी विचारत नाही. ठेवायचे आणि चहा करायला उठायचं.

पण मी वायरमनचे हात बघत होतो. ते टेबलावर पडले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. ज्याच्याकडे डाव आहे तो वाट बघतो. कुणीतरी हुक टाकून बघावं असं त्याला आतून वाटत असतं, ते कुठेतरी दिसतं. कानात, गळ्यात, कुठेतरी. याला काहीच नको होतं. मी राहिलो काय आणि गेलो काय, त्याला सारखंच.

मला हे ओळखीचं होतं. बायको गेल्यानंतर पहिला महिना मीही असाच खेळलो होतो. काय पत्ते आहेत ते न बघता सगळं पुढे ढकलायचो. ही माणसं मला जिंकू द्यायची. मला ते कळायचं आणि त्याचंही काही वाटायचं नाही.

आणि मला समजून घ्यायचं होतं. हॉर्नची वायर, ती पिशवी, तो फोटो. हा माणूस थाप मारतोय की त्याच्याकडे खरंच काही आहे, हे बघायला चहाच्या पैशांइतकी किंमत काही जास्त नव्हती. मी माझे हुक पुढे केले.

"दाजी!" मेव्हणा ओरडला. "वेडे झालात?"

"दाखवा, वायरमन."

त्याने पत्ते उलटे केले. दुर्री. पंजी. सत्ती. नश्शी. गुलाम. एका रंगाचे नाहीत, एका ओळीत नाहीत. जोडीसुद्धा नव्हती. काहीच नव्हतं.

मेव्हणा इतका हसला की त्याला खोकला आला. "थाप! काकांनी थाप मारली! अहो टेलर, बघताय काय, हाताशी काही नाही आणि सगळ्यांना पळवत होते!" तो माझ्याकडे वळला, डोळे पुसत. "बघितलंत ना दाजी? मी काय म्हणत होतो? हवा!"

मी जिंकलो होतो. हुक ओढायला माझा हात उठत नव्हता. मेव्हणा जे बघत होता तेच मीही बघत होतो, पण त्याला त्यात सुटका दिसत होती. जो माणूस थाप मारून आपल्याला घाबरवतो, त्याला आपली माघार हवी असते. याला कुणाचीच माघार नको होती. हातात काही नसताना याने सगळं पुढे सरकवलं होतं, आणि ते सगळं गेल्यावरही चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. माझ्या त्या महिन्यात मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत नव्हतो. मुद्दाम नाही. बघायचं कशासाठी, असं वाटायचं.

वायरमन उठला. खुर्चीखालची पिशवी घेतली. "चहा मी करायला हवा," तो म्हणाला, "पण आज जरा घरी जायचंय." मग मेव्हण्याला म्हणाला, "तू त्याच बाजूला जातोस ना? सोडतोस मला?"

"का नाही? बसा की काका. हरलेल्यासाठी तेवढं तरी करायलाच पाहिजे."

"तुझी गाडी मैदानातच होती ना दुपारपर्यंत?"

"तिथेच असते."

"हो. बघितली मी," वायरमन म्हणाला.

मी टेलरला दुकान बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "अहो, तुम्ही कुठे निघालात?" मी चपला घातल्या आणि त्या दोघांच्या मागे गेलो.

"दाजी, तुम्ही कशाला? जागा नाही."

"सरकून बसेन."

वायरमन दाराशी, मेव्हणा स्टिअरिंगला, मी मध्ये. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता. वायरमनने पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते. मेव्हणा शीळ घालत होता. रविवारची दुपार, रस्ता मोकळा. एका दुकानाच्या शटरला टेकून एक माणूस झोपला होता. मी प्रत्येक दुकान बघत होतो, जणू परत यायचं नाहीये.

पाण्याची टाकी दिसायला लागली. त्याच्यापुढे उतार.

"थांबव," मी म्हणालो.

"आता काय?"

"थांबव म्हणतो ना."

त्याने ब्रेक दाबला. टेम्पो टाकीच्या सावलीत उभा राहिला. समोर गल्ली खाली जात होती. तळाशी वायरमनच्या घराचं फाटक, आणि त्यापलीकडे गिरणीची भिंत.

मेव्हणा हसला. "हे बघा, लागले ब्रेक. झालं समाधान? दाजींना वाटत होतं काका, की तुम्ही ब्रेकला हात लावलाय."

वायरमन समोर बघत होता.

"सपाट रस्त्यावर लागतातच," तो म्हणाला.

शीळ परत सुरू होणार होती, ती झाली नाही. इंजिन चालू होतं. माझ्या उजव्या दंडाला मेव्हण्याचा दंड लागला होता, तो गरम व्हायला लागल्याचं मला कळत होतं.

"तुम्हीही गाडीतच आहात की, काका," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"आहे ना."

"मग?"

"मग काय? चल. घरी जायचंय मला."

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे बहिणीसारखे आहेत, हे मी लग्नापासून बघत आलोय, पण त्या दिवशी मला ते बघवेनात. आत्तापर्यंत त्याने थाप बघितली होती. आता तो तिच्यामागचा माणूस बघत होता.

"याने मघाशी पत्ते उलटे केले तेव्हा याचा चेहरा बघितलास?" मी हळूच म्हणालो. "हरल्यावरचा?"

त्याची नजर वायरमनकडे गेली.

"याला हरायची भीती नाही. तुला आहे. सांगून टाक."

एक सायकलवाला आमच्या बाजूने गेला आणि उताराला लागला, पाय सोडून, मजेत. तो दिसेनासा झाल्यावर मेव्हणा बोलला.

"काका. गाडी माझी होती."

वायरमनने मान हलवली. त्याला हे नवं नव्हतं. नवं होतं ते पुढचं, आणि ते विचारताना त्याचा आवाज पहिल्यांदा हलला.

"ओरडली का ती?"

मेव्हण्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. "एकदा."

"तू ऐकलंस?"

"हो."

"आणि थांबला नाहीस."

"नाही थांबलो."

"मी आत होतो," वायरमन म्हणाला. "रेडिओ लावला होता. मला ऐकू आलं नाही. म्हणून विचारलं. कुणीतरी ऐकलं होतं का ते."

मी मध्ये बसलो होतो. माझ्या बायकोने जाताना काही म्हटलं की नाही ते मला माहीत नाही. त्या वेळी मी औषधं आणायला खाली गेलो होतो, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी हे त्या दोघांना सांगितलं नाही. पण वायरमनचा हात मांडीवरून घसरून माझ्या हातावर आला तेव्हा मी तो राहू दिला.

मग त्याने दार उघडलं, पिशवी खांद्याला लावली आणि उतरला.

"काका," मेव्हणा म्हणाला. "ब्रेक..."

वायरमनने खिडकीतून आत बघितलं. "आता ते विचारायचं नाही," तो म्हणाला. "सांगितलंस ना. झालं तुझं." आणि उतारावरून चालत निघाला. पाठ सरळ, पावलं जपून टाकत, म्हातारी माणसं उतरतात तसा.

मेव्हणा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "दाजी, लागले असते का हो?"

"पत्ते टाकले की समोरच्याचे बघायला मिळत नाहीत," मी म्हणालो. "तुझी ताई तेवढं तरी शिकवून गेली असेल."

खाली फाटक उघडलं. वायरमन आत गेला नाही. फाटकात उभा राहून तो वर आमच्याकडे बघत होता, आम्ही काय करतो ते.

मेव्हण्याने पायाने ब्रेकचा अंदाज घेतला. एकदा, मग पुन्हा. कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला. मग त्याने रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली, आणि चालण्याच्या वेगाने, थोडं थोडं थांबत, टेम्पो मागे मागे घ्यायला लागला.